लाल पट्टी, पांढरी अक्षरं: टी-शर्टवरचं बंड नक्की कोणाच्या मालकीचं?

इयरफोन लावलेत? लोकलमध्ये उभे असाल तर दांडा धरा, बसमध्ये खिडकी मिळाली असेल तर नशीबवान आहात. आणि जे ऐकण्याऐवजी इथे वाचताय त्यांच्यासाठी, नेहमीप्रमाणे, हा भाग बोलला तसाच उतरवून काढलाय. थोडी साफसफाई केलीय, एवढंच.

सुरुवात माझ्याच फजितीने करतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना पुण्यात एफसी रोडवरून मी एक टी-शर्ट घेतला. पांढरा टी-शर्ट, छातीवर लाल पट्टी, पट्टीत पांढऱ्या तिरक्या अक्षरांत एकच शब्द: सुप्रीम. घासाघीस करून अडीचशेला पडला. घरी घालून गेलो तर आई दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "हे काय रे? प्लास्टिकच्या खुर्च्यांवाल्यांनी फुकट दिला का?"

मी हसलो. "अगं, तो सुप्रीम वेगळा. हा अमेरिकेतला ब्रँड आहे."

"बरं. मग काय बनवतात ते?"

"कपडे."

"आणि हे लाल कशाला?"

मंडळी, मला उत्तर आलं नाही. "स्टाईल आहे गं," म्हणून मी सटकलो. पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं की आईचा शेवटचा प्रश्नच सगळ्यात भारी होता. हे लाल कशाला? त्या लाल पट्टीमागे जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यात नाझींनी पकडलेला एक अक्षरकार आहे, गर्भपाताच्या हक्काचा मोर्चा आहे, कुस्तीतला एक राक्षसी पैलवान आहे, ओबामा आहेत, आणि कोर्टकचेऱ्या तर विचारूच नका. आजचा भाग त्या लाल पट्टीचा.

अक्षर आधी आलं

पट्टीच्या आधी अक्षर. सुप्रीमच्या लोगोतलं अक्षर ज्या घराण्यातलं आहे त्याचं नाव फ्युचुरा. जर्मनीतल्या पॉल रेनर यांनी ते तयार केलं आणि १९२७ मध्ये फ्रँकफर्टच्या बाउअर कंपनीने ते बाजारात आणलं. फ्युचुराचं 'ओ' बघा, जवळजवळ कंपासने काढलेलं वर्तुळ. टोकांना शेपट्या नाहीत, नक्षी नाही. त्या काळात जर्मनीत पुस्तकं आणि वर्तमानपत्रं जुन्या, टोकदार, नक्षीदार गॉथिक अक्षरांत छापली जायची. 'खरं जर्मन अक्षर' कोणतं यावर तिथे चक्क राजकीय भांडणं व्हायची.

रेनर यांनी १९३२ मध्ये नाझींच्या संस्कृतीविषयक भूमिकेवर टीका करणारी एक पुस्तिका लिहिली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि रेनर यांना अटक झाली. लवकर सुटले, पण म्युनिकच्या छपाई शाळेतली नोकरी गेली. अक्षर मात्र जगभर फिरत राहिलं. १९६९ मध्ये चंद्रावर अपोलो ११ ने जी पाटी ठेवली, तीही फ्युचुरातच आहे.

हे सांगायचं कारण एवढंच, की ज्याला आपण नुसता 'फॉन्ट' म्हणतो, त्याच्यासाठीही कोणीतरी किंमत मोजलेली असते.

मासिकाच्या टेबलावरची बाई

आता अमेरिका. १९४५ मध्ये न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमध्ये बार्बरा क्रूगर यांचा जन्म झाला. विशीच्या सुरुवातीलाच त्यांना न्यूयॉर्कमध्ये 'मादमोझेल' या बायकांच्या मासिकात डिझाइनचं काम मिळालं. काम काय? फोटो कापायचे, त्यावर मथळे बसवायचे, पान उलटणाऱ्या वाचकाला अर्ध्या सेकंदात थांबवायचं. आज आपण रीलच्या पहिल्या सेकंदाचं जे काही म्हणतो ना, तेच. फक्त कात्री आणि गोंद घेऊन.

म्हणजे ग्राहकाला पकडायचं कसं, हे त्या धंद्याच्या आत बसून शिकल्या. आणि १९८०च्या दशकात त्यांनी तेच हत्यार उलटं फिरवलं. जुन्या मासिकांतले काळे-पांढरे फोटो घ्यायचे, त्यावर लाल पट्ट्या मारायच्या आणि पट्टीत जाड, तिरक्या फ्युचुरामध्ये एखादं वाक्य टाकायचं. दिसायला जाहिरात, पण काही विकत नाही. उलट बघणाऱ्यालाच विचारते: तू काय करतोयस? तुझ्याकडून हे कोण करून घेतंय?

१९८७ चं त्यांचं एक चित्र तुम्ही नक्की पाहिलं असेल. एका हातात लाल चौकोन, आणि त्यावर लिहिलंय, मराठीत सांगायचं तर, 'मी खरेदी करते, म्हणून मी आहे.' देकार्त नावाच्या तत्त्ववेत्त्याचं 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे वाक्य तुम्हाला माहीत असेल. क्रूगर यांनी विचाराच्या जागी खरेदी बसवली. बास. चित्रात दुसरं काहीच नाही.

आणि मग १९८९. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गर्भपाताच्या हक्कावर एक मोठा खटला सुरू होता. बायकांना भीती होती की १९७३ च्या निकालाने मिळालेला हक्क हातून जाणार. ९ एप्रिल १९८९ ला वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. त्यासाठी क्रूगर यांनी पोस्टर केलं. एका बाईचा चेहरा, मधोमध उभा चिरलेला. अर्धा भाग नेहमीच्या फोटोसारखा, अर्धा निगेटिव्हसारखा उलटा. आणि वर लाल पट्ट्यांत: तुझं शरीर ही रणभूमी आहे. खाली मोर्चाची माहिती. ही पोस्टरं न्यूयॉर्कच्या भिंतींवर लागली. पुढे पोलंडमध्येही हे चित्र पोलिश भाषेत रस्त्यावर आलं, तिथेही वाद गर्भपाताच्या कायद्याचाच होता.

हे लक्षात ठेवा. लाल पट्टी आधी भिंतीवर होती, आणि तिच्यात एक पूर्ण वाक्य होतं.

त्याच वर्षी, एक पैलवान

१९८९ चाच उन्हाळा. र्‍होड आयलंड राज्यातलं प्रॉव्हिडन्स शहर. तिथल्या डिझाइन कॉलेजचा एक विद्यार्थी, शेपर्ड फेअरी, स्केटबोर्डच्या दुकानात काम करायचा. मित्राला कागदाचं स्टेन्सिल कसं कापायचं हे शिकवायला त्याला एक चित्र हवं होतं. वर्तमानपत्रात कुस्तीची जाहिरात सापडली, त्यात आंद्रे द जायंटचा फोटो. डब्ल्यूडब्ल्यूई बघत मोठे झालेल्यांना ओळख करून द्यायला नको. हल्क होगनने ज्याला उचलून आपटलं, तोच.

फेअरीने त्याचं स्टिकर बनवलं. बाजूला पैलवानाची उंची आणि वजन, आणि आंद्रेची मोठी टोळी आहे अशा अर्थाची एक ओळ. अर्थ काय? काहीच नाही. गंमत. पण स्टिकर शहरभर लागली आणि लोक डोकं खाजवू लागले, की ही कसली टोळी? कुठला पंथ? कुठला बँड? फेअरीच्या डोक्यात ट्यूब पेटली. ज्याचा अर्थ नाही त्याच्याकडेही लोक टक लावून बघतात, कारण रस्त्यावर जे काही चिकटवलेलं असतं ते काहीतरी विकत असणार, अशी आपल्याला सवय झालीय.

पुढे आंद्रेच्या नावाचे हक्क असलेल्या कुस्ती कंपनीने कायद्याचा धाक दाखवला. मग फेअरीने नाव काढलं, चेहरा साधा, जवळजवळ मुखवट्यासारखा केला आणि खाली एकच शब्द टाकला: ओबे. म्हणजे 'आज्ञा पाळ'. हा शब्द आला जॉन कार्पेंटरच्या १९८८ च्या 'दे लिव्ह' या सिनेमातून. त्यात खास चष्मा घातला की जाहिरातींच्या मागचे खरे हुकूम दिसतात. आणि शब्दाची मांडणी? लाल पट्टी, पांढरी, जाड, तिरकी अक्षरं. क्रूगर आणि १९२०च्या दशकातली रशियन क्रांतीची पोस्टरं, दोन्हींचं ऋण फेअरीने उघडपणे मान्य केलंय. २००१ मध्ये याच नावाने कपड्यांचा ब्रँड सुरू झाला.

आता यातली गोची बघा. 'आज्ञा पाळ' हा शब्द टोमणा आहे. तो वाचून तुम्ही चिडावं, विचारावं, की का पाळू? पण तोच शब्द टोपीवर, हूडीवर छापून विकला, आणि सगळ्यांनी घातला म्हणून आपणही घातला, तर आपण आज्ञा पाळली की मोडली? फेअरीला हा विरोधाभास माहीत होता, तो त्यावर बोलतोही. पण माहीत असलं म्हणून सुटत नाही.

लाफायेट स्ट्रीटवरचं दुकान

एप्रिल १९९४. मॅनहॅटनमधल्या लाफायेट स्ट्रीटवर जेम्स जेबियाने एक दुकान उघडलं. इंग्लंडमध्ये वाढलेला, न्यूयॉर्कमध्ये कपड्यांच्या दुकानांत मुरलेला माणूस. दुकानाची रचना वेगळी होती. कपडे भिंतींना लागून आणि मधली जागा मोकळी, म्हणजे पोरं स्केटबोर्ड घेऊन थेट आत यावीत. नाव: सुप्रीम. लोगो हवा होता. जेबियाने डिझाइनर मित्राला क्रूगर यांच्या चित्रांचं पुस्तक दिलं, असा किस्सा आहे. लोगो कुठून आला हे पाहायला मात्र किस्सा लागत नाही, डोळे पुरेत. लाल चौकट, पांढरं तिरकं फ्युचुरा.

फरक फक्त एक. क्रूगर यांच्या पट्टीत वाक्य होतं. सुप्रीमच्या पट्टीत वाक्य गळालं आणि नाव उरलं. रंगाचा ओरडा तोच, अक्षराचा रुबाब तोच, पण म्हणायचंय काय? 'सर्वोच्च.' काय सर्वोच्च? कोण सर्वोच्च? ते तुम्ही ठरवा, पैसे काउंटरवर द्या.

सुरुवातीला यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. स्केटबोर्डवाल्या पोरांची ती रीतच होती, मोठ्यांचं उचलायचं, मोडायचं, आपलं करायचं. २००० मध्ये त्यांनी लुई व्हिटॉनच्या नक्षीसारखी नक्षी स्केटबोर्डवर छापली. फ्रान्सच्या त्या बड्या घराण्याच्या वकिलांची नोटीस आली आणि माल मागे घ्यावा लागला. गल्लीतल्या पोरांनी राजवाड्याच्या भिंतीवर रेघोट्या मारल्या आणि राजाने हाकलून दिलं, असा तो मामला.

पण गल्ली वाढत गेली. दर गुरुवारी थोडासा माल सोडायचा, रांगा लागायच्या, तासाभरात सगळं संपायचं आणि संध्याकाळी तोच माल इंटरनेटवर दुप्पट-तिप्पट भावाने. २०१६ मध्ये तर त्यांनी वीट विकली. हो हो, बांधकामाची वीट, वर सुप्रीम लिहिलेली. ३० डॉलरला. आणि तीही संपली!

मंडळी, 'मी खरेदी करते, म्हणून मी आहे' या वाक्याची टिंगल म्हणून जे रूप जन्माला आलं होतं, त्याच रूपात लोकांनी वीट विकत घेतली.

आणि मग खटला

आता या गोष्टीत लिया मॅकस्विनी येते. न्यूयॉर्कची मुलगी. २००४ मध्ये तिने 'मॅरिड टू द मॉब' नावाचा मुलींचा स्ट्रीटवेअर ब्रँड काढला. स्केट आणि स्ट्रीटवेअरच्या जगात तेव्हा सगळी पोरांची सत्ता होती. दुकानं त्यांची, मापं त्यांची, विनोदही त्यांचे. तिने काय केलं, तीच लाल पट्टी घेतली, तीच अक्षरं घेतली आणि लिहिलं: 'सुप्रीम बिच'. म्हणजे तुम्ही सर्वोच्च ना? मग तुम्ही ज्या शिवीने आम्हाला हाक मारता ती घेऊन आम्हीही सर्वोच्च.

तिचं म्हणणं असं की जेबियाला हे सुरुवातीपासून माहीत होतं आणि त्याची हरकत नव्हती. काही वर्षं कोणी काही बोललंही नाही. मग २०१३ च्या सुरुवातीला तिने 'सुप्रीम बिच' हा ट्रेडमार्क नोंदवायला अर्ज केला. आणि सुप्रीमने तिच्यावर दावा ठोकला. मागणी किती? १ कोटी डॉलर.

लाल पट्टी उचलणाऱ्याने, लाल पट्टी उचलली म्हणून, दुसरीवर दावा केला.

'कॉम्प्लेक्स' या नियतकालिकाने मग खुद्द बार्बरा क्रूगर यांना ईमेल करून विचारलं, की तुमचं काय म्हणणं? त्यांचं उत्तर आलं एका जोडलेल्या फाइलमध्ये, आणि फाइलचं नाव होतं, 'मूर्ख'. आत दोन-तीन ओळी. आशय असा, की हे सगळेच्या सगळे विदूषक आहेत, माझं काम असल्याच फार्सविषयी असतं, आणि आता हे सगळे मिळून माझ्यावरच कॉपीराइटचा दावा कधी लावतात याची मी वाट बघतेय.

त्यांनी स्वतः सुप्रीमवर दावा केला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

खटला काही महिन्यांत तडजोडीने मिटला. मॅकस्विनीला शब्द वापरता येणार होते, पण सुप्रीमच्या लोगोसारख्या मांडणीत नाही. म्हणजे गंमत केली तर चालेल, फक्त ती गंमत आहे हे कळता कामा नये.

कायदा असा का वागतो?

थांबा, इथे एक शंका येणारच. मूळ कल्पना क्रूगर यांची, मग कायदा सुप्रीमच्या बाजूला कसा?

दोन वेगळे कायदे आहेत. कॉपीराइट एखाद्या ठरावीक कृतीला मिळतो, म्हणजे हे चित्र, हा फोटो. शैलीला मिळत नाही. लाल पट्टीत पांढरं अक्षर ही झाली शैली. अमेरिकेत तर अक्षरांच्या आकारालाही कॉपीराइट नाही. त्यामुळे क्रूगर यांच्यासारखं दिसणारं काही केलं, तर तेवढ्याने चोरी होत नाही. आणि खरं तर हे बरंच आहे. नाहीतर लघुचित्रशैलीत चित्र काढायला आज कोणाच्या तरी वंशजाची परवानगी लागली असती.

ट्रेडमार्क वेगळा. तो विचारतो, की ही खूण बघून गिऱ्हाइकाला कोणता दुकानदार आठवतो? आईला प्लास्टिकच्या खुर्च्या आठवल्या आणि मला स्केटबोर्ड, म्हणूनच एकच शब्द दोन वेगळ्या धंद्यांत दोन कंपन्या सुखाने वापरू शकतात. पण कपड्यांच्या धंद्यात ती लाल खूण सुप्रीमची झाली, कारण सुप्रीम त्या खुणेखाली माल विकत होतं आणि क्रूगर विकत नव्हत्या.

म्हणजे बघा, 'पहिल्यांदा कोण बोललं?' हा ट्रेडमार्कचा प्रश्नच नाही. त्याचा प्रश्न 'कोण विकतंय?' हा आहे. ज्या बाईने विकण्याविरुद्ध बोलायला ती पट्टी वापरली, तिच्या हातात म्हणूनच काही उरत नाही.

फेअरीवर पाळी

इकडे फेअरीचंही काही वेगळं झालं नाही. २००८ मध्ये त्याने बराक ओबामांचं ते लाल-निळं पोस्टर केलं, खाली 'आशा' असा एकच शब्द. पोस्टर भिंतींवर, टी-शर्टवर, बिल्ल्यांवर. जगभर. पुढे वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत ते लागलं. पण मूळ फोटो होता असोसिएटेड प्रेससाठी मॅनी गार्सिया यांनी २००६ मध्ये काढलेला. संस्थेने हक्क सांगितला. 'रूपच बदललं, म्हणून मला वापर करायचा अधिकार आहे,' असं म्हणत फेअरीने २००९ मध्ये स्वतःच कोर्टात धाव घेतली. त्याची बाजू लंगडी होती असंही नाही. कायद्याचे कितीतरी जाणकार त्याच्या बाजूने होते.

पण त्याने घाण केली. कोणता फोटो वापरला याबद्दल तो खोटं बोलला, फाइली नष्ट केल्या, खोट्या बनवल्या. हे उघडं पडलं. मूळ वाद २०११ मध्ये तडजोडीने मिटला, कपड्यांच्या कंपनीवरचा वेगळा दावाही मिटला. २०१२ मध्ये कोर्टाच्या अवमानाबद्दल त्याला २ वर्षं देखरेखीखाली राहण्याची आणि ३०० तास समाजसेवेची शिक्षा झाली, वर २५,००० डॉलर दंड.

आणि त्याच २००८ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या एका तरुण चित्रकाराने फेअरीच्या ओबे चेहऱ्यावर साथीच्या रोगाचा मास्क चढवून विडंबन विकायला काढलं, तेव्हा त्याला फेअरीच्या बाजूने वकिलाचं पत्र गेलं होतं. 'बंद करा.' आज्ञा पाळ.

मग क्रूगर साधुसंत का?

नाही. आणि हे सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट फार गोड होते.

क्रूगर यांनी स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांचे फोटो वापरले. १९९० च्या एका चित्रात डोळ्यासमोर भिंग धरलेली एक बाई आहे. तो फोटो थॉमस होपकर या जर्मन छायाचित्रकाराचा, १९६० सालचा. क्रूगर यांनी तो कापला, त्यावर लाल पट्ट्या टाकल्या. लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाने ते चित्र घेतलं आणि आपल्या दुकानात त्याची पोस्टकार्डं, चुंबकं आणि चक्क टी-शर्ट विकले. होपकर आणि फोटोतली बाई, दोघं कोर्टात गेले. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने दावा फेटाळला, कारण चित्र बनलं तेव्हा त्या फोटोला अमेरिकेत संरक्षण नव्हतं. कायद्याने क्रूगर सुटल्या. पण त्या बाईचा चेहरा तिला न विचारता टी-शर्टवर गेला, हे काही खोटं नाही.

शिवाय लंडनच्या सेल्फ्रिजेस या आलिशान दुकानाच्या सेलसाठीही त्यांनी काम केलं. खरेदीची टिंगल करणारी वाक्यं, खरेदीच्याच दुकानात. लोकांनी नावं ठेवली, ठेवणारच.

तर चोर कोण आणि साव कोण अशी ही गोष्ट नाहीच. रेनरपासून एफसी रोडपर्यंत सगळ्यांनी उचललंय. फरक पुढे पडतो. उचलल्यानंतर तुम्ही दार उघडं ठेवता, की आत शिरून कडी लावता?

२०१७: दोन्हीकडून एकदम

२०१७ हे वर्ष या गोष्टीचा कळस आहे. जानेवारीत पॅरिसमध्ये लुई व्हिटॉनने आपला नवा संग्रह दाखवला. कोणाबरोबर? सुप्रीमबरोबर. ज्या पोरांना १७ वर्षांपूर्वी नोटीस पाठवली होती, त्यांनाच राजवाड्यात पाट मांडला. फेब्रुवारीत सुप्रीमचा लोगो न्यूयॉर्क मेट्रोच्या तिकीट कार्डांवर आला, स्टेशनांवर झुंबड उडाली. त्याच वर्षी कार्लाईल या गुंतवणूक कंपनीने सुप्रीमचा साधारण अर्धा हिस्सा घेतला, आणि त्या हिशेबाने कंपनीची किंमत १०० कोटी डॉलर धरली गेली.

आणि नोव्हेंबरमध्ये ७२ वर्षांच्या क्रूगर यांनी उत्तर दिलं. कोर्टात नाही, रस्त्यावर. परफॉर्मा या कला महोत्सवासाठी त्यांनी मॅनहॅटन ब्रिजखालचं स्केटबोर्डचं मैदान लाल पट्ट्यांनी रंगवलं. मेट्रोची ५०,००० कार्डं छापून घेतली आणि त्यावर प्रश्न टाकले: कोण बोलतं, कोण गप्प बसतं, अशा धर्तीचे. आणि एक दुकान काढलं. हूडी, टोप्या, स्केटबोर्ड, बाहेर रांग, आत मोजकीच माणसं. हुबेहूब सुप्रीमसारखं. फक्त यावेळी पट्टीत पुन्हा वाक्य होतं. 'हवंय. घे. विसर.' अशा अर्थाचं.

काही पोरं तेही पुन्हा विकायलाच घेऊन गेली असणार, नक्कीच! पण प्रश्न मात्र त्यांनी छातीवर घेऊन विकला.

नकलेची नक्कल

शेवटचा एक तुकडा, मग सोडतो. इटलीत एका कंपनीने सुप्रीमचं नाव आणि लाल पट्टी त्या देशात आधी नोंदवण्याचा डाव टाकला आणि 'कायदेशीर नक्कल' विकायला सुरुवात केली. इतक्या सफाईने, की डिसेंबर २०१८ मध्ये सॅमसंगने चीनमध्ये सुप्रीमबरोबर करार जाहीर केला, आणि तो याच नकलेबरोबर निघाला! सॅमसंगला माघार घ्यावी लागली. २०२१ मध्ये लंडनच्या कोर्टाने त्या कंपनीमागच्या बापाला ८ वर्षं आणि मुलाला ३ वर्षं तुरुंगवास सुनावला.

त्याच सुमाराला, म्हणजे २०२० च्या अखेरीला, खऱ्या सुप्रीमची विक्री झाली २१० कोटी डॉलरना. धंदा म्हणावा तसा चालला नाही. २०२४ मध्ये पुन्हा विक्री, यावेळी १५० कोटींना, चष्म्याच्या कंपनीला. एसिलोरलक्सोटिका, ज्यांचा रे-बॅन आहे ते. चष्मा घातला की खरं दिसतं म्हणणाऱ्या सिनेमापासून निघालो होतो आपण... असो.

आणि ती रणभूमी? २४ जून २०२२ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९७३ चा तो निकाल रद्द केला. १९८९ मध्ये बायका ज्याच्या भीतीने रस्त्यावर आल्या होत्या ते ३३ वर्षांनी झालं. आणि तो चिरलेला चेहरा, ती लाल पट्टी, ते वाक्य पुन्हा ताजं झालं. ते पोस्टर जुनं झालं नाही, कारण त्यातलं वाक्य अजून लढतंय.

तर, हे लाल कशाला?

आता आईला उत्तर देता येतं. हे लाल यासाठी, की एका बाईला ओरडून काहीतरी विचारायचं होतं. तो ओरडा लोकांना आवडला, पण प्रश्न नको होता. मग प्रश्न काढून ओरडा विकला गेला. आणि जेव्हा दुसऱ्या एका मुलीला त्याच ओरड्यात पुन्हा काही म्हणायचं होतं, तेव्हा तिला सांगितलं गेलं, की हा ओरडा आमच्या मालकीचा आहे.

मी काही म्हणत नाही की असे टी-शर्ट घालू नका. माझा तो अडीचशेचा टी-शर्ट अजून आहे, आता फरशी पुसायच्या कामाचा झालाय. चे गव्हेरा घाला, मुठी घाला, फुले-आंबेडकर घाला, तुमच्या गावच्या आंदोलनाचं चित्र घाला. कपडा हे माणसाचं सगळ्यात जवळचं पोस्टर आहे आणि ते फुकट फिरतं.

फक्त विकत घेताना दोन गोष्टी बघा. एक, या चित्रात काही वाक्य उरलंय का, की नुसता आवाज? कोणी विचारलं, 'हे काय आहे रे?' तर तुमच्याकडे सांगायला काही आहे का? आणि दोन, हे चित्र उद्या दुसऱ्या कोणी उचललं, त्यात आपलं काही भरलं, तर ज्याच्याकडून तुम्ही ते घेतलंत तो खूश होईल, की वकिलाला फोन लावेल? बंडाचं चित्र खरं आहे की नाही, हे मला तरी या दुसऱ्या प्रश्नावरून सगळ्यात पटकन कळतं.

तुमच्या कपाटात असा एखादा टी-शर्ट असेल, ज्याचा अर्थ तुम्हाला नंतर कळला, तर मला जरूर लिहा. आणि हा भाग त्या मित्राला पाठवा ज्याने खरा सुप्रीम घेतलाय आणि किती रुपयांचा ते अजून घरी सांगितलेलं नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!